वाड्याची चूक

येडगाव, धरणाच्या कडेला
१४ फेब्रुवारी

यमाजीमामांना स्वराजचा नमस्कार.

मेंढरं बरी आहेत. हे पहिल्या ओळीत लिही असं आईनं बजावलंय. म्हणाली, "तुझा मामा आधी मेंढरांचं शोधल, मग घोडीचं, मग बहिणीचं, आन कागद उरला तर तुझं." तर घोडीपण बरी आहे. आई बरी नाही, पण तसं लिहू देत नाही. बोरीत राहण्यात अर्थ नव्हता, म्हणून वाडा हलवला. इथं सावळारामअण्णांच्या कांदा काढलेल्या रानात मेंढरं बसवली आहेत. पात चिक्कार आहे. रात्री मेंढरांभोवतीची वाघर दोनदा तपासतो, कारण बिबट्या पलीकडच्या उसात असल्याचं लोक सांगतात. जाळीला काय तो जुमानणार, पण तपासतो. पाण्यावर लांब पायांचे पांढरे पक्षी आलेत, पुण्याहून दोघं मोठे कॅमेरे घेऊन त्यांना बघायला आली होती. मला म्हणाली, यांचं नाव काय? मी म्हटलं, आमच्यात कोणी विचारलं नाही त्यांना. ते असू दे.

मामा, मला लई राग आलाय. कोणावर काढावा ते ठरत नाही, म्हणून तुमच्यावर काढतो. तुम्ही तिथून उठून जाऊ शकत नाही.

बोरीत भगवंतदादांचा गोठा जळला, दोन गाई गेल्या, वाईट झालं. कपाळावर टिळा असलेली ती गाय मला ओळखायची. आपण त्यांच्याच रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, त्यांचंच पाणी पीत होतो. पण आग लागली दिवेलागणीला आणि सकाळी गाव म्हणतंय, मेंढक्यांच्या चुलीतली ठिणगी उडाली. आपली चूल कुठं, गोठा कुठं, आणि मध्ये भरलेला पाट. ठिणगी काय पोहत गेली?

मग देवळापुढं जे झालं त्याचं जो तो वेगळं सांगतोय. मी तुमच्या मागंच उभा होतो, म्हणून जसंच्या तसं लिहून ठेवतो. पोरांच्या हातात दगड होते. तुम्ही कमरेची पिशवी सोडली, भंडारा हातात घेऊन भैरवनाथाच्या उंबऱ्यावर ठेवला, उपरणं पसरलं आणि म्हणालात, "चूक माझ्या वाड्याची. देवा, पदरात घे. शिक्षा मला द्या, पोराला काय बोलू नका." एवढंच. आग मी लावली, असा शब्द त्यात नाही.

आपली ही रीत मी लहानपणापासून बघतोय. घोडेगावकडं मेंढरं कोणाच्या गव्हात घुसली तेव्हा असंच केलंत. मेंढरू कोणाचंही असो, राखणारा कोणीही असो, वाड्यातल्या वडीलधाऱ्यानं पदर पसरायचा. ज्याचं नुकसान झालं त्यानं "घेतली पदरात" म्हणायचं, नारळ फोडायचा, चहा प्यायचा, मिटलं. नेमकी चूक कोणाची हे कोणी विचारायचंच नसतं. हे गावाला ठाऊक आहे. भगवंतदादांना तर पक्कं ठाऊक आहे, त्यांनीच तर "घेतली" म्हटलं. पण ह्या खेपेला नारळ फुटायच्या आत सगळ्यांचे मोबाइल वर झाले. दुपारी तो व्हिडिओ ठाण्यात, आणि त्याच्याखाली कोणीतरी लिहिलेलं, "आरोपीची कबुली". गाईंच्या विम्याला गुन्हा नोंद लागतो म्हणे. म्हणजे देवापुढं मिटवलं आणि विम्यासाठी परत उघडलं, आणि तुम्ही तुरुंगात.

सरकार फुकट वकील देतं, त्या वैजयंतीमॅडम तुम्हाला भेटायला येतील. मी त्यांना वाडा म्हणालो तर त्यांना वाटलं, तुमची मोठी हवेली असेल. मग सांगितलं की वाडा म्हणजे आपला मेंढरांचा मुक्काम, चूल, घोडी, बाजलं आणि चार माणसं. हसल्या, पण शहाण्या आहेत. त्यांना एवढंच सांगा, गर्दीला भिऊन बोललो, ते शब्द माझे नाहीत. सुटाल. मामा, एवढं वाक्य बोला.

तुमचा
स्वराज


२२ फेब्रुवारी

चि. स्वराजला मामाचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. हितं पत्र आधी साहेब वाचत्यात मग आमाला देत्यात. तवा लिवताना इचार करून लिव.

कांद्याची पात लई खाऊ देऊ नको, पोटं फुगत्यात. सकाळी आधी कोरड्या रानात फिरव, मग पातीवर सोड. काळ्या मेंढीचे दिस भरत आलेत, तिला वेगळी बांध. घोडीला ऊन लागू देऊ नको.

वकीलबाई आल्या व्हत्या. पोरगी चांगली हाय, बसून बोलली. म्हणली, बाबा, नाय म्हणा. मी म्हणलं, बाई, भंडारा उचलून बोललेलं नाय कसं म्हणू? मी काय खोटं बोललो न्हाई. वाड्याची चूक माझी, हे माझ्या बापानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. ती म्हणली, मग खरं काय झालं ते सांगा. मी म्हणलं, ते मला ठाव न्हाई.

आता तुला इचारतो. तू येवढं लिवलं, पर त्या सांजेला तू कुठं व्हतास ते लिवलं न्हाई. वाड्यावर तू नव्हतास. आन तुझी ती निळी वस्तू कुठं हाय? शोधून लिव. तुझ्या आईला, हिराला, सांगू नको, ती जिवाला लावून घेती.

मामा


येडगाव
३ मार्च

मामांना नमस्कार.

काळी मेंढी व्याली. दोन झाली, दोन्ही माद्या. आई म्हणाली, मामाला कळव म्हणजे बरं वाटल.

काल होळी झाली. तुमचं पत्र खिशात घेऊन मी बोरीला गेलो होतो, वाटेत आळेफाट्यावर उसाचा रस पिताना एक राजस्थानी मेंढपाळ भेटला, त्याच्याशी मेंढरांच्या लोकरीवरून दोन तास गेले, त्याच्या उंटाचं नाव सलमान आहे. ते नंतर सांगतो. तुमची निळी वस्तू म्हणजे तो स्वेटर ना, बाजारातून आणलेला? तो आहे. कोपरावर फाटला म्हणून घोडीच्या पाठीवर खोगिराखाली घालतो. राग मानू नका.

तर वकीलबाईंचं ऐका. मी त्यांच्या टेबलापुढं बसून नीट समजून घेतलं. पोलिसापुढं माणूस काहीही कबूल झाला तरी कोर्ट ते पुरावा म्हणून धरत नाही. का, तर पोलिस मारून वदवून घेतील अशी कायद्याला भीती. मॅजिस्ट्रेटपुढं केलेली कबुली चालते, पण तोही आधी सांगतो, बाबा रे, तुझ्यावर सक्ती नाही, हे तुझ्याच विरुद्ध जाईल, जा, विचार करून ये. आणि लोकांपुढं, देवळात बोललेलं? ते कोर्ट तपासून घेऊ शकतं.

मी उभाच राहिलो, मामा. म्हटलं, मॅडम, हे कसलं? पोलिसाच्या दांडक्याची भीती कायद्याला कळते आणि दगड घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांची कळत नाही? माझ्या मामाला कोणी म्हणालं का, जा, विचार करून ये? त्या म्हणाल्या, "अरे, हेच तर मला कोर्टात मांडायचंय. कबुली दबावाखाली होती, आणि ती कबुली नव्हतीच, रीत होती. पण तुझे मामा तोंड उघडत नाहीत तर मी कोणाच्या तोंडानं बोलू?"

ऐका, कोणाच्या तोंडानं बोलू.

होळीपुढं भगवंतदादा भेटले. मी नमस्कारसुद्धा घातला नाही. तेच म्हणाले, "स्वराज, माझा यमाजीवर राग न्हाई बाबा. मी पदरात घेतली."

"घेतली तर ठाण्यात कशाला गेलात?"

"ते इम्याचं व्हतं. कोर्ट काय करतंय ते कोर्टाचं."

"मग कोर्टात येऊन सांगा, की ही आमच्यातली रीत आहे, हा माणूस दरवेळी असंच म्हणतो."

"आता गाई माझ्या गेल्या आन साक्ष पण मीच देऊ?" असं म्हणून ते नारळ टाकायला पुढं गेले. त्यांचा पोरगा आदेश तिथंच होता, मान खाली घालून मोबाइलवर बोट फिरवत. एरवी मला बघितलं की "काय राव, मेंढपाळ" म्हणून पाठीत गुद्दा घालणारा. काल ओळख नाही. मग सगळं गाव होळीच्या नावानं बोंबललं. कोणी सरपंचाच्या नावानं, कोणी सासऱ्याच्या, एकानं तर आपणच शेजाऱ्याची मोटर चोरली म्हणून बोंब ठोकली, लोक पोट धरून हसले. त्याचा व्हिडिओ नाही निघाला. आगीपुढं बोललेलं हसण्यावारी, आणि तुमचं तेवढं खरं.

त्या सांजेचं विचारलंत. त्याची मोठी गोष्ट आहे, भेटल्यावर सांगेन, हसाल. आधी तुम्ही तोंड उघडा.

स्वराज


११ मार्च

चि. स्वराजला आशीर्वाद.

पिलांचं वाचून बरं वाटलं. दोनीचं दूध पुरतंय का बघ. नसंल तर दुसरीला पाज.

स्वेटर न्हाई. तुझ्या खिशात ऱ्हाती ती वस्तू. उजेड पाडती ती.

तू पुन्यांदा उत्तर दिलं न्हाईस. मी समजलो. लिवू नको आता, काय बी लिवू नको. ती वस्तू मी बघितली. कुठं बघितली ते सांगत न्हाई. आता ती कुणाला गावायची न्हाई. तू घाबरू नको.

लेकरा, चूक कुणाच्यानं बी व्हती. तू मुद्दाम केलं नसशील, येवढं मला ठाव हाय. तुझं डोकं एका जागी ऱ्हात न्हाई, हातातलं कुठं पडतंय तुला कळत न्हाई. तुझा बाप गेला तवा तुझ्या आईला मी शब्द दिलता. मी काय, मेंढरं राखून झालो. माझं हितं चाललंय. दोन वेळा मिळतंय, एक म्हातारा हाय त्याला भजनं येत्यात. तू अजून कुठं टिकला न्हाईस, पर टिकशील. म्हणून मी बोललेलं परत घेणार न्हाई. वकीलबाईला सांग, दमू नको.

आता इषय बंद.

मामा


येडगाव
१६ मार्च

मामा,

नमस्कार घालत नाही. मेंढरांचंही लिहीत नाही.

तुमचं पत्र सकाळी वाचलं. चूल पेटवायची होती, काडेपेटी सर्दावलेली, म्हणून सवयीनं खिशात हात घातला आणि तिथंच थांबलो. निळी वस्तू. उजेड पाडती. लायटर.

तुम्हाला वाटलं, मी? माझ्या हातून गोठा जळला असं तुम्हाला वाटलं, आणि तुम्ही मला एका शब्दानं न विचारता सरळ देवापुढं पदर पसरलात? "पोराला काय बोलू नका." मी तुमच्या मागं उभा होतो आणि ते पोर म्हणजे मी, हे मला कळलं नाही. गावाला कळलं असेल. इतके दिवस मी भगवंतदादांवर, ठाण्यावर, कायद्यावर, भैरवनाथावरसुद्धा चिडत होतो, आणि माझ्यावरचा पहिला संशय कोणाचा, तर तुमचा. पोलिसांनी तरी मला विचारलं असतं की नाही? मॅजिस्ट्रेट म्हणतो विचार करून ये. तुम्ही मला विचार करायला काय, बोलायलासुद्धा वेळ दिला नाहीत. मीच पेटवलं असं मनात धरून माफपण करून टाकलंत. न केलेल्या गोष्टीची माफी कशी लागते माहीत आहे? शिवीसारखी.

त्या सांजेला मी कुठं होतो ते आता ऐका. अवसरी बुद्रुकला टेनिस बॉलच्या मॅची होत्या. दुपारी आईला सांगून गेलो होतो. एक मॅच बघून परतणार होतो, पण दुसरी सुरू झाली, मग तिसरी, दिवे लागले, आणि एका पोरानं मारलेला षटकार सरळ माझ्याकडं आला, मी गर्दीतून एका हातानं धरला. ते सगळं मोबाइलवर लाइव्ह चालू होतं. माइकवरचा माणूस म्हणाला, "पिवळ्या टोपीवाल्याला संघात घ्या, आमच्या पोरांच्या हातून तर सुटतायत." ती पिवळी टोपी माझी. भंडाऱ्याच्या रंगाची म्हणून तुम्हीच घेतलेली. तो व्हिडिओ अजून आहे, वेळेसकट आहे, वकीलबाईंना दाखवला. ही ती हसायची गोष्ट. हसा आता.

आणि लायटर. तो आदल्या दिवशी आदेशनं नेला. टपरीवर उभे होतो. म्हणाला, "दे रे तुझा, उद्या ऊस तुटलेल्या रानातलं पाचट पेटवायचंय, आमच्या काडेपेट्या म्हातारी देवघरात कोंडून ठेवती." मी दिला. टपरीवाला समोर होता.

हे पत्र इथं अर्धं ठेवून मी बोरीला जाऊन आलो. पुढचं आज लिहितोय, १८ तारखेला.

आदेश पंपाच्या खोलीपाशी बसला होता. मी म्हटलं, "माझा लायटर दे."

"हरवला."

"कुठं?"

"मला काय ठाव. लायटर हाय का सोन्याचा गोफ?"

"पाचट कोणत्या दिवशी पेटवलंस?"

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "वारा फिरला रे. पेटवलं तवा वारं व्हतंच न्हाई. गोठ्याच्या कुडापाशी वळवळत आलं, मी पायानं इझवत व्हतो, बूट जळला माझा. मग पळालो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून भैरवनाथापुढं बोललो. सगळं सांगितलं. नाक घासलं. शनवारचा उपास धरलाय तवापासून."

"देवाला सांगून काय? तो काय जामीन राहणाराय माझ्या मामाला?"

"तुझा मामा तर स्वतःच म्हणाला, चूक माझी. आमाला वाटलं, आसंल त्येची बी. आमी काय त्येला म्हण म्हणून सांगितलं व्हतं?"

मामा, मी हात उचलला होता. पण त्याच्याकडं बघितलं आणि लक्षात आलं की हे तुमचंच वाक्य आहे. तुम्ही स्वतःच म्हणालात. हात खाली घेतला. मारलं असतं तर बरं झालं असतं, रात्रभर झोप लागली असती.

साहेब वाचत असतील तर त्यांनीही हे वाचावं.

स्वराज


२५ मार्च

चि. स्वराज,

पत्र साहेबांनी वाचलं. मला देताना म्हणले, बाबा, बसून वाच.

मी बसून वाचलं. मग म्हाताऱ्याकडनं परत वाचून घेतलं, मला वाटलं माझंच वाचण्यात चुकतंय.

तू अवसरीला व्हतास. आईला सांगून गेलातास. हिराला मी इचारलं असतं तरी कळलं असतं. मीच तुला लिवलं, हिराला सांगू नको म्हणून. माझ्या डोक्यात एकच बसलं. सकाळी उजाडलं तवा गोठ्याच्या कुडापाशी राखंत निळं चमकलं. मी ओळखलं. तुझं हाय म्हणून उचललं आन पाटात टाकलं. म्हसोबाचा दगुड हाय त्याच्या खालच्या अंगाला. मग देवळात गेलो.

हे मी पहिल्यांदा लिवतोय. साहेब वाचतील. वाचू द्या. हे मात्र मी केलंय.

लेकरा, मला वाटत व्हतं मी खरं बोललो. चूक माझ्या वाड्याची, असं भंडारा उचलून म्हणलं. आता कळतंय, वाड्याची चूक नव्हतीच. म्हंजी भंडारा खोटा पडला, आन तो मी पाडला. इतके दिस मी म्हणत व्हतो, शब्द परत घेणार न्हाई, देवाचा हाय. आता देवाचा हाय म्हणूनच परत घ्यावा लागंल. वकीलबाई काल आल्या तवा मी सांगितलं, बाई, मी तोंड उघडतो. कोर्टात उभा राहून सांगीन, मी काय बोललो, का बोललो, कुणाला वाचवाया बोललो, आन पाटात काय टाकलं. त्या म्हणल्या, पाटात टाकल्याचं सांगितलं तर त्याचा येगळा गुन्हा लागू शकतो. मी म्हणलं, लागू द्या. तेवढा माझा हाय.

तुला मी माफ केलं तेची माफी माग म्हणलास तर मागतो. तू म्हणलास ते बरोबर हाय. शिवी व्हती ती.

पिलं कशी हायत?

मामा


बोरी बुद्रुक
१५ एप्रिल

मामांना नमस्कार.

आज मी कुठं आहे ते आधी लिहितो, म्हणजे विचारावं लागणार नाही. बोरीत, देवळाच्या पाराजवळ. मेंढरं पलीकडच्या पडीक रानात, राखायला आपल्या वाड्यातला भिमाजी आहे. आई माझ्या शेजारी बसून पोळीचा कुस्करा कुत्र्याला घालतेय. पिलं उड्या मारतात.

तुमचा जामीन झाला हे मॅडमनी तुम्हाला सांगितलं असेलच. कागद तुमच्या तिथं पोचायला एक-दोन दिवस लागतील, तोवर हे पत्र पोचेल न पोचेल. पण काल इथं जे झालं ते मला लिहायचंय, नाहीतर बोलता बोलता भलतीकडं जाईन.

पाटाचं आवर्तन बंद झालं, पाणी उतरलं. पोलिस पंच घेऊन आले आणि म्हसोबाच्या खाली गाळात लायटर सापडला. टपरीवाल्याला विचारलं, त्यानं सांगितलं. मग भगवंतदादांनी गाव बोलावलं. ठाण्यात जायच्या आत देवळात मिटवायचं.

आदेशनं उंबऱ्यावर गुलाल ठेवला, टॉवेल पसरला. भगवंतदादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बोलला, "चूक आमच्या घराची. पदरात घ्या."

मी म्हटलं, "घरात कोणाची?"

भगवंतदादा शांतपणे म्हणाले, "तसं इचारायचं नसतं, स्वराज. तुझ्याच मामानं पाळलेली रीत हाय. तुला ठाव हाय."

मामा, मी एक पाऊल मागं सरलो. कारण ते बरोबर बोलत होते. मीच तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिलं होतं, चूक नेमकी कोणाची हे विचारायचंच नसतं. मला ती रीत लई मोठी वाटायची. तिच्या मागं माणूस इतका आरामात उभा राहू शकतो, हे माहीत नव्हतं. आणि एक सांगतो, तुम्ही बोललात तेव्हा सगळ्यांचे मोबाइल वर होते. आदेश बोलला तेव्हा सगळ्यांचे खिशात. माझापण. मी का काढला नाही ते मला अजून कळत नाही.

सगळे आईकडं बघायला लागले. आता नुकसान आपलं होतं ना, म्हणजे "घेतली पदरात" आपण म्हणायचं. तुम्ही नाहीत, तर तुमच्या बहिणीनं. नारळ हातात घेऊन पुजारी वाट बघतोय.

आई म्हणाली, "न्हाई घेतली."

कोणीतरी म्हणालं, "हिराबाई, आसं कसं?"

"रीत व्हती तवा तुमी ठाण्यात गेला. आता ठाणं आलं तवा तुमी रीत काढली. माझ्या भावानं पदर पसरला त्यात पोराला झाकलं, आन स्वतः उघडा पडला. तुमी पोराला झाकताय आन स्वतः बी झाकून घेताय. आदेश, घर काय पाचट पेटवाया रानात गेलं व्हतं?"

पुजाऱ्यानं नारळ खाली ठेवला. आदेशची आई देवळाच्या आतच उभी होती, ती बाहेर आली आणि नवऱ्याचा हात पोराच्या पाठीवरून बाजूला केला.

मग आदेश म्हणाला, "मी पेटवलं. वारा फिरला. मी पळालो." जोरात नाही, पण पारापर्यंत ऐकू आलं.

"आता हेच कोर्टात बोल," आई म्हणाली. "तिथनं आलास की मग घेते. नारळ ठेवा तसाच."

तो आज सकाळी गेला. मॅजिस्ट्रेटनं सांगितलं, तुझ्यावर सक्ती नाही, विचार कर, उद्या ये. संध्याकाळी एसटीतून उतरला तेव्हा मी पारावरच होतो. माझ्याकडं आला नाही. घरी गेला नाही. देवळाच्या पायरीवर बसलाय, अजून बसलाय, मी इथून बघतोय. उद्या तो जाईल की नाही मला ठाऊक नाही. मला वाटतं जाईल. पण नुसत्या वाटण्यावर मी आता काही खरं धरणार नाही.

नारळ उंबऱ्यावर तसाच आहे.

मी तुम्हाला घ्यायला गेटवर येतोय, पिवळी टोपी घालून. त्याच्यानंतर कुठं जायचं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि सुचलं तर निघायच्या आधी तुम्हाला सांगेन. तुम्हीपण एक करा, मामा. माझ्याबद्दल काही वाटलं, काही सापडलं, काही चमकलं, तर देवाकडं जाऊ नका. आधी मला विचारा.

तुमचा
स्वराज